काठाचा लाल दोरा

एप्रिल लागला की इंदुरात भंवरकुआंच्या चौकात आईबापांची गर्दी होते. मुलं पारदर्शक पिशवीत पेन आणि ओळखपत्र घेऊन परीक्षेला आत जातात आणि आईबाप बाहेर, कुठल्याशा झेरॉक्सवाल्याच्या सावलीत, तीन तास उभे. आयांचं एक बरं असतं, त्या बाजूच्या बाईशी बोलायला लागतात. बापांना ते जमत नाही. ते पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतात, घड्याळ बघतात, गेटकडे बघतात, पुन्हा बाटली. मी स्कूटरवरून रोज तिथूनच ऑफिसला जाते आणि रोज ठरवते की या बापांकडे बघायचं नाही. सिग्नल लाल असला की बघावंच लागतं.

माझे बाबा माझ्या एकाही परीक्षेला असे बाहेर उभे राहिले नाहीत. त्यांची मिलमध्ये पहिली पाळी असायची. ते माझ्यासाठी आयुष्यात एकदाच बाहेर उभे राहिले, पलासियाला, माझ्या ऑफिसच्या जिन्याखाली. त्या दिवशी परीक्षा माझी नव्हती, त्यांची होती, आणि मी त्यांना आत जाऊच दिलं नाही.

हे सगळं यंदा पुन्हा वर आलं ते पूर्वामुळे. पूर्वा आमच्या ऑफिसातली नवी मुलगी. जुन्या इंदुरी मराठी घरातली, म्हणजे तिच्या मराठीत हिंदी कालवलेली. आमचं काम प्रोग्राममधल्या चुका पकडण्याचं. माझ्या जुन्या कंपनीतून माझ्याबरोबरच इथे आलेल्या एका फार जुन्या प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्या जुन्या फ्रेमवर्कमधून, म्हणजे चाचण्या लिहायच्या साच्यातून, नव्यात न्यायच्या आहेत, आणि नवं कोणतं घ्यायचं यावरून ही पोरगी आठवडाभर माझं डोकं खात होती. ते एकदाचं ठरलं. मग परवा खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आली.

"मॅम, ये एक टेस्ट समजूनच नाही राहिली. नाव आहे 'लालदोरा'. ना कमेंट, ना काही. कोणी टाईमपासमध्ये लिहून ठेवली होती काय? उडवून टाकू?"

"थांब जरा," मी म्हणाले.

"थांबते ना. पण नव्या फ्रेमवर्कमध्ये हर टेस्टच्या वर दोन गोष्टी लिहाव्या लागतात. ती काय तपासते, आणि कोणाच्या सांगण्यावरून. ब्लँक सोडता नाही येत."

दुपारी सांगते म्हणाले. दुपार गेली, दुसरा दिवस गेला. पूर्वाने दोनदा विचारलं आणि मी दोनदा चहाला उठून गेले. एवढ्या वर्षांत चुका पकडून पकडून लोकांच्या नाकी नऊ आणणारी मी, एका चाचणीचं नाव कसं पडलं हे सांगायचं टाळत होते.

त्या नावाची गोष्ट सुरू झाली तो उन्हाळा मिल बंद होण्याचा होता. लोक म्हणतात, अमक्या दिवशी मिल बंद झाली. तसं काही नसतं. मिल बंद होत राहते. आधी सूत काढणारं खातं थांबलं, मग माग थांबले. मग भोंगा वाजायचा थांबला आणि परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी भाज्या करपायला लागल्या, कारण बायकांचा सगळा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा. सगळ्यांत शेवटी राहिलं ते फोल्डिंग खातं, जिथे तयार कापड तपासून त्याच्या घड्या घालतात. विणणारं कोणी उरलं नव्हतं, पण विणून झालेलं कापड गोदामात होतं, आणि ते तपासायला चार माणसं अजून जात होती. त्यातले एक बाबा. ते चेकर होते.

बाबांचं काम मी लहानपणी एकदाच, मिलच्या कसल्याशा पूजेला गेले तेव्हा पाहिलं. लांबच लांब टेबल, त्यावरून कापडाचा अख्खा गठ्ठा, म्हणजे थान, ओढत जायचं, आणि डोळा कापडावरून हलवायचा नाही. खिशात घडी होणारं छोटं भिंग, धागे मोजायचं, त्याला बाबा 'गिलास' म्हणायचे. दुसऱ्या खिशात लाल दोऱ्याचं रीळ. कापडात खोट दिसली की खोटेला हात लावायचा नाही. तिच्या बरोबर समोर, काठाला, बोटभर लाल दोरा बांधायचा. थान गुंडाळलं तरी काठाशी ती लाल शेंडी बाहेर दिसते आणि पुढच्या माणसाला कळतं, इथे उघडून बघ. बस एवढंच. काय चुकलं ते लिहायचं नाही, कोणाचं चुकलं ते तर नाहीच नाही.

घरीही तोच खाक्या. माझ्या गणिताच्या वहीत चुकलेलं उदाहरण असलं की त्या पानाच्या कडेला सकाळी लाल दोरा. ओरडणं नाही, मारणं नाही. मी पान उघडायचे आणि आपली चूक आपणच शोधत बसायचे, आणि सापडली की दोरा सोडून बाबांना परत द्यायचे. ते तो पुन्हा रिळाला गुंडाळून ठेवायचे. आईच्या पातळाला भोक पडलं तरी दोरा, गव्हाच्या पोत्याला टोके लागले तरी दोरा. आई वैतागायची. "घर आहे की गोदाम आहे हे!"

आणि त्याच उन्हाळ्यात मी पलासियाला नव्या नोकरीत होते. शहराच्या एका अंगाला भोंगा गप्प झाला होता आणि दुसऱ्या अंगाला मोडेम किंचाळायला शिकला होता. काचेचे दरवाजे, एसी, आत जाताना चपला काढाव्या की काय असं वाटायला लावणारी फरशी. आम्ही नऊ जण होतो. परदेशातल्या इस्पितळांसाठी एक प्रोग्राम लिहायचा होता, नर्सांच्या पाळ्या लावून देणारा. सकाळची पहिली, दुपारची दुसरी, रात्रीची तिसरी. आई म्हणायची, बापाच्या पाळ्या संपल्या आणि लेकीच्या सुरू झाल्या.

प्रोग्राम ज्या भाषेत होता ती फंक्शनल जातीची. शाळेच्या गणितात 'फल' असायचं, तसे तिचे तुकडे असतात. आत अमुक घातलं की बाहेर तमुक येणार. आज घाला, उद्या घाला, उत्तर तेच. कालचं तिला काही आठवत नाही, कोणाचा राग नाही, लोभ नाही. मला ती भाषा फार आवडली होती. परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या मुलीला, जिला पलासियात कोणी पत्ता विचारला तर मिलवाल्यांच्या वस्तीचं नाव टाळून 'पाटनीपुऱ्याच्या पुढे' असं पुटपुटायची सवय होती, कालचं काही न आठवणारी भाषा आवडणारच.

सरांनी एक दिवस बोलावलं. "पंद्रह दिन में बताओ, टेस्टिंग के लिए कौन-सा फ्रेमवर्क लेना है. क्लाइंट पूछ रहा है."

दोन होती. पहिलं सगळ्यांच्या सवयीचं. त्यात आपण उदाहरणं लिहायची: या दहा नर्सा, हा आठवडा, उत्तर असं यायला पाहिजे. आलं तर पास. दुसरं नवं होतं आणि थोडं विचित्र. त्यात उदाहरण लिहायचंच नाही, नियम लिहायचा: कोणतीही नावं द्या, कितीही द्या, जितकी माणसं आत गेली तितकीच यादीत बाहेर आली पाहिजेत. मग ते यंत्र मनाला येईल तशा शेकडो याद्या करून नियमावर फेकतं आणि तो मोडतो का बघतं. मोडला, तर मोडणारी यादी छाटायला लागतं. दोनशे नावांवर मोडला? शंभर करून बघ. दहा? दोन? शेवटी ज्याहून लहान करता येत नाही असा तुकडा तुमच्या हातात ठेवतं, की बघ, खोट इतक्याशा जागेत आहे.

मला ठरवता येईना. ऑफिसातले सगळे पहिल्याच्या बाजूचे. एका संध्याकाळी ओटल्यावर बसले होते, आई आत कणीक मळत होती, बाबा मिलमधून चालत आले आणि शेजारी टेकले.

"बेबी, तू दिवसभर करून काय राहिली तिथं?"

"चेकिंगच समजा बाबा," मी सहज म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. पाळ्यांचं त्यांना लगेच समजलं. भाषेचंही समजलं. "म्हणजे काल काय झालं ते तिला काहीच याद नाही राहत?"

"नाही. तेच तर तिचं चांगलं आहे."

"बड्या सुखाची भाषा आहे मग," बाबा म्हणाले.

मग दोन फ्रेमवर्कांचं सांगितलं. ते पायाचा अंगठा चोळत म्हणाले, "आमच्या खात्यात दोन जातीचे चेकर असायचे. रामलालजी थानाची सुरुवात बघायचे, मधली घडी बघायचे, शेवट बघायचे. वीस वर्षं त्याच तीन जागा. विणणाऱ्यांना पक्कं माहीत. त्या तीन जागी कधी खोट निघालीच नाही बघ, आणि बाकी थानात काय वाट्टेल ते असायचं. मी कुठूनही ओढायचो. माझा हात कुठे पडेल हे मलाच नाही माहीत, तर त्यांना कुठून असणार?"

"आणि खोट सापडली की?"

"की काय? पूरं थान त्याच्या तोंडावर थोडी फेकायचं. वीतभर कापड दाखवायचं, जेवढ्यात खोट आहे तेवढं. माणूस लगेच मानतो. हां भिया, गलती माझी. पूरं थान दाखवलं की भांडायला उठतो."

मी दुसरं फ्रेमवर्क घेतलं. सरांसमोर, सगळ्यांसमोर, दोन जातीच्या चेकरांची गोष्ट सांगितली. तीन ठरलेल्या जागा, कुठूनही ओढणारा हात, वीतभर कापड. सर खूश झाले. "वाह! ये कहाँ से लाई?"

"बाहर के एक लेख में पढ़ा, सर," मी म्हणाले.

हे वाक्य तोंडातून कसं निघालं हे मला तेव्हाही कळलं नाही. कोणी विचारलं नव्हतं की तुझा बाप कोण. कोणी हसणार नव्हतं. पण त्या काचेच्या खोलीत 'माझे बाबा मिलमध्ये' हे शब्द म्हणायची मला लाज वाटली. सरळ सांगायचं तर लाजच. दुसरं नाव नाही त्याला.

सर पुढे म्हणाले, "मशीन तो ठीक है. पर क्लाइंट बोल रहा है, एक आदमी भी रखो, जो छपे हुए रोस्टर आँख से देखे. ज्यादा पढ़ा-लिखा न हो तो भी चलेगा. नजर पक्की चाहिए. तुम्हारी पहचान में कोई हो तो बताना."

आणि मी मूर्ख, त्या संध्याकाळी जेवताना घरी बोलून गेले, की सरांना एक चेकर हवाय. बाबांचा घास क्षणभर हातातच राहिला.

तीन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ऑफिसच्या शिपायाने सांगितलं की खाली कोणी उभं आहे. मी उतरले तर जिन्याखालच्या सावलीत बाबा. पांढरा शर्ट. बुद्धपौर्णिमेला घालायचा तो, मिलच्या कापडाचा, कडक इस्त्रीचा. आईने नंतर सांगितलं, तिने विचारलं होतं की पौर्णिमा तर अजून दूर आहे, आत्ताच कसा काढला, तर म्हणाले, असंच. वरच्या खिशात गिलास होता. रिळाचा फुगवटा दुसऱ्या खिशात. घरापासून पलासियापर्यंत चालत आले होते आणि तरी शर्टाला एक चुणी नव्हती.

"बेबी, तू सांगत होती ना, चेकर पाहिजे. सरांना दोन मिनिट भेटून घेतो. तुझं नाव नाही सांगणार, पाहिजे तर."

जिन्यावरून माझ्या दोन सहकारी मुली उतरत होत्या, इंग्रजीत बोलत. त्या आमच्याकडे बघून पुढे गेल्या. माझ्या मनात एकच आलं: हे वर गेले, आणि सरांशी बोलता बोलता रामलालजींची गोष्ट निघाली तर?

"बाबा, हे तुमच्यासारखं चेकिंग नसतं," मी म्हणाले. "सॉफ्टवेअरचं टेस्टिंग वेगळं असतं."

"तू तर चेकिंगच म्हणाली होती."

"तुम्हाला समजायला म्हणाले होते."

त्यांनी वर काचेकडे पाहिलं. "हां," म्हणाले. "अलग असणार. अंग्रेजी काम आहे." मग माझीच समजूत काढल्यासारखं, "मी आपलं असंच आलो होतो, इकडे काम होतं."

मी त्यांना कोपऱ्यावर उसाचा रस पाजला. अर्धा प्यायले आणि ग्लास ठेवला. "जा, तुला उशीर होऊन राहिला." मी जिना चढले. वर पोचल्यावर काचेतून पाहिलं, तर ते रस्ता ओलांडायला उभे होते, गाड्या थांबत नव्हत्या, आणि ते खिशावर हात ठेवून उभेच होते, गिलास पडू नये म्हणून.

"मिला कोई?" सरांनी दुपारी विचारलं.

"नहीं सर. मेरी पहचान में तो कोई नहीं."

बुद्धपौर्णिमेला आम्ही दर वर्षीसारखे महूला काकांकडे गेलो. आजोबा पलटणीतले, त्यांचं घर तिथलं. विहारातून आल्यावर खीर, दारात वारा, पांढऱ्या कपड्यांची सगळी मंडळी. काकांनी बाबांना विचारलं, आता पुढे काय? बाबा म्हणाले, "बघून राहिलो. बेबीच्या ऑफिसात विचारलं होतं. तिनं बिचारीनं खूप कोशिश केली, पण तिथलं काम अलग आहे." माझ्या तोंडात खीर होती. मी वाटीत आणखी खीर वाढून घेतली. त्या पांढऱ्या शर्टावर तीच इस्त्री होती, पलासियाची.

त्यानंतरचा एक रविवार. मी तीन महिन्यांच्या पाळ्यांचा छापील कागद घरी आणला होता. तेव्हाचे ते कागद लांबलचक, एकाला एक जोडलेले, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा असलेले. दर महिन्याला एक पान, दर दिवसाला एक ओळ, प्रत्येक नर्सेचा उभा रकाना, आणि त्यात एक, दोन, तीन आकडे. फ्रेमवर्कने सगळे नियम तपासले होते आणि सगळे पास झाले होते. मी मैत्रिणीकडे जाऊन दुपारी परत आले तर कागद खोलीतून थेट ओटल्यापर्यंत उलगडलेला, आणि बाबा गुडघ्यांवर, बोट एका रकान्यावर ठेवून, हळूहळू पुढे सरकत होते. मिलच्या टेबलावर थान सरकतं, इथे ते स्वतः सरकत होते.

"बाबा! ऑफिसचा कागद आहे तो!"

ते दचकले. कागद गोळा केला, जिथल्या घड्या तिथे घातल्या. घड्या घालाव्या तर त्यांनीच. मग म्हणाले, "बेबी, ते घडीवर एक जागी..."

"राहू द्या हो बाबा."

सोमवारी ऑफिसात कागद काढला तर एका घडीपाशी, कडेच्या भोकात, लाल दोरा बांधलेला. बोटभर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी पाहिलं तर काय म्हणेल! मी कात्री घेतली आणि कापून टाकला. तो काय दाखवतो हे पाहिलं नाही. ज्या मुलीने अख्खं बालपण त्या दोऱ्यांसमोरच्या चुका शोधण्यात घालवलं, तिला समोरची एक ओळ वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पावसाळा लागता लागता शेवटचं थान तपासून झालं आणि फोल्डिंग खातंही मिटलं. बाबांना सांवेर रोडला एका गोदामावर चौकीदारी मिळाली. खाकी शर्ट, लोखंडी खुर्ची. बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघायच्या. "चेकिंगच आहे," ते आईला म्हणाले. संध्याकाळी परत यायचे तेव्हा पाय सुजलेले असायचे. बारा तास नजरेला काही काम नसलं की माणूस कसा थकतो हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

आणि राखीच्या सुमारास परदेशातून तक्रार आली. एका नर्सेने महिन्याच्या शेवटच्या तारखेला तिसरी पाळी केली आणि सकाळी सुटायच्या वेळेला बघते तर पहिल्या तारखेची पहिली पाळीही तिचीच. एकीचं नाही, पुष्कळ जणींचं. सर माझ्यावर भडकले. "टूल तो तुमने ही चुना था!"

टूलची चूक नव्हती. तिसरीनंतर लगेच पहिली नको, हा नियम मी लिहिलाच होता, पण एका महिन्याच्या यादीसाठी. यंत्राने त्या नियमावर हजारो महिने फेकले, आणि प्रत्येक महिना आपल्या जागी बिनचूक होता. मागच्या महिन्याची आठवण ठेवायची नाही, हा तर त्या भाषेचा स्वभाव. एका महिन्यातून दुसऱ्यात जाताना, बरोबर घडीवर, काय होतं ते बघ, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फ्रेमवर्क कितीही चांगलं निवडा, कोणता नियम विचारायचा हे ते सांगत नाही. ते त्याला सुचतं, ज्याने कधी तिसरी करून, घरी न जाता, तशीच पहिली केली आहे.

मी कपाटातून तो कागद काढला. त्या भोकात लाल धाग्याचा एक तंतू अजून अडकलेला होता. त्याच्या समोर घडी. घडीच्या वर, रकान्यात, तीन. घडीच्या खाली, त्याच रकान्यात, एक.

मी नवा नियम लिहिला, दोन महिन्यांच्या जोडाचा. त्याला नाव दिलं 'लालदोरा'. तेवढीच माझी हिंमत. संध्याकाळी बाबा आले, आईने त्यांच्यापुढे गरम पाण्याची बादली ठेवली, त्यांनी पाय बुडवले. मी समोर बसून होते. सांगायचं तर आधी जिन्याखालचं सांगावं लागलं असतं, त्याआधी लेखाचं. मी उठून पोळ्या लाटायला गेले.

पुढे बाबा बरीच वर्षं होते. शेवटी शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते, थेंब घालून डोळे मिटून बसले होते, आणि एकदम म्हणाले, "बेबी, ते पाळ्यांचं काम तुझं, ते बरोबर निघालं होतं ना?"

इतक्या वर्षांनी. म्हणजे इतकी वर्षं ते त्यांच्या मनात होतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "पक्कं निघालं होतं."

ते हसले, मिटल्या डोळ्यांनी. "मग बरं. माझीच नजर चुकली असेल."

मिल मी बंद केली नव्हती. देशाचे दरवाजे मी उघडले नव्हते, सांवेर रोडची लोखंडी खुर्ची मी आणली नव्हती. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, काळच तसा होता, सगळ्यांच्याच बापांचं तसं झालं. हे पूरं थान तोंडावर फेकणं झालं. छाटत गेलं, मिल काढली, काळ काढला, सर काढले, त्या दोन इंग्रजी मुली काढल्या, की उरतं वीतभर: दवाखान्यातला तो 'हो'. तिथे कोणी बघत नव्हतं, कसली लाज नव्हती, नोकरी जाणार नव्हती. 'नाही बाबा, तुमची नजर बरोबर होती' एवढं म्हणायचं होतं. हां भिया, गलती माझी. ते मी म्हणाले नाही, आणि आपली नजर गेली असं समजून तो माणूस गेला.

आज सकाळी सिग्नलला पुन्हा बाप उभे होते. एकाने पांढरा शर्ट घातला होता. मी ऑफिसात आले, पर्स ठेवली आणि पूर्वाला हाक मारली.

"ती टेस्ट उडवायची नाही. लिहून घे. काय तपासते: महिन्याच्या घडीवर कोणी तिसरी पाळी करून तसंच पहिलीला तर आलं नाही ना."

"अरे वा. ये तर काम की चीज आहे," तिने टाईप केलं. "आणि कोणाच्या सांगण्यावरून?"

मी बाबांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. ती एकेक अक्षर विचारत लिहीत गेली.

"हे कोण मॅम? जुन्या कंपनीतले?"

"माझे बाबा."

"अच्छा!" ती खुर्चीत वळून माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे ते पण टेस्टिंगमध्येच होते?"

"हो," मी म्हणाले. "टेस्टिंगमध्येच होते."